वाहनाने स्वतःहून जागा सोडली

शनिवारी सकाळी दाराखालच्या फटीतून एक कागद आत सरकला. आमच्या इमारतीत महत्त्वाचे कागद असेच येतात. बेल वाजवली की माणसाशी बोलावं लागतं, आणि आमची कमिटी माणसांशी शक्यतो बोलत नाही. कागदावर शिक्का होता, शिक्क्याखाली सेक्रेटरीची सही होती, आणि वर मजकूर होता:

'आपल्या मालकीच्या जुनाट वाहनाने काल सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास स्वतःहून जागा क्र. ३ सोडली व जागा क्र. ४ मधील वाहनास स्पर्श केला. सबब आपण आठ दिवसांत वाहनाचा हँडब्रेक दुरुस्त करून घ्यावा, सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करावे व कमिटीसमोर प्रात्यक्षिक द्यावे. अन्यथा जागा क्र. ३ काढून घेऊन प्रतीक्षा यादीतील पुढील सभासदास देण्यात येईल.'

मी हा कागद तीनदा वाचला. पहिल्या वाचनात 'स्वतःहून' या शब्दाने डोकं फिरलं. जणू माझी गाडी घरात कुणाला न सांगता निघून गेली होती. दुसऱ्या वाचनात 'जुनाट' दिसला. सोळा वर्षांच्या गाडीला जुनी म्हणतात. जुनाट खोकला असतो. तिसऱ्या वाचनात मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, कारण प्रतीक्षा यादीतला पुढचा सभासद कोण हे मला ठाऊक होतं. तो पाचव्या मजल्यावर राहतो आणि सेक्रेटरीचा भाचा आहे.

जागा क्रमांक तीनसाठी मी अकरा वर्षं थांबलो होतो. फाटकातून आत आलं की एक उतार लिफ्टच्या दारावरून खाली जातो. त्या उताराच्या भिंतीला लागून सहा गाड्या एकामागे एक उभ्या राहतात. त्यात तीन नंबर बरोबर लिफ्टच्या दारासमोर येतो. गाडीतून उतरलं की सात पावलांवर लिफ्ट. ही सात पावलं माझ्या आईने मोजलेली आहेत. तिचे गुडघे गेले आहेत, आणि दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला व्यायामाच्या बाईंकडे न्यावं लागतं. त्या बाईंनी सांगितलंय की एक वार चुकला तर दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. जागा गेली तर गाडी मागच्या रस्त्यावर लावायची, म्हणजे दोनशे पावलं, त्यातली निम्मी चढाची. आई म्हणाली होती, "त्यापेक्षा मी घरातच बसते." आई घरात बसली म्हणजे काय होतं ते मी आणि माझी बायको एकदा पावसाळ्यात अनुभवलेलं आहे.

आता घडलेला प्रकार. शुक्रवारी संध्याकाळी मी आईला घेऊन आलो, गाडी लावली, हँडब्रेक ओढला. तो तसा बरेच दिवस जास्तच वर येत होता. शरणागती पत्करलेल्या माणसाच्या हातासारखा सरळ उभा राहायचा. मी आईला वर नेलं, चहा ठेवला आणि चहाला उकळी यायच्या आत बेल वाजली. बेल! म्हणजे प्रकरण गंभीर.

"तुमची गाडी माझ्या गाडीला टेकली आहे," सेक्रेटरी म्हणाला.

"टेकली म्हणजे?"

"टेकली म्हणजे टेकली. येऊन बघा."

माझी गाडी दीड हात पुढे जाऊन खरोखरच त्याच्या गाडीला टेकली होती. दमलेला माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवतो तशी. नुकसान म्हणाल तर त्याची नंबराची पाटी थोडी वाकली होती. मी ती हाताने सरळ केली. सेक्रेटरीने ती सरळ करण्यापूर्वी चार फोटो काढले होते.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, गाडी गिअरमध्ये का नव्हती? हा प्रश्न मला त्या आठवड्यात चौदा जणांनी विचारला, त्यांतल्या सहा जणांना गाडी चालवता येत नाही. उत्तर असं की गाडी रोज गिअरमध्येच असते. त्या दिवशी आई उतरताना म्हणाली, "आधी मला धर, मग तुझी ती काठी हलव," आणि मी आईला धरलं. ह्यात माझी काय चूक झाली ते ज्याने कधी आईला धरलं नाही त्यानेच सांगावं.

"मेकॅनिककडे टाका," बायको म्हणाली.

"मेकॅनिक चार दिवस ठेवतो."

"मग ठेवू दे. आठ दिवस आहेत."

"प्रश्न दिवसांचा नाही. गाडी माझी आहे, ब्रेक माझा आहे. एक ब्रेक घट्ट करता येऊ नये इतका मी नालायक आहे का?"

बायकोने पेपरचं पान उलटलं. ती वाचत राहिली. वीस वर्षांच्या संसारात तिच्या मौनाचे निरनिराळे अर्थ मी शिकलोय आणि ह्या मौनाचा अर्थ मला अजिबात आवडला नाही.

रविवारी सकाळी मी जुना पायजमा घालून खाली उतरलो. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक मी आदल्या दिवशी शोधून काढलं होतं. रेडिओवर आवडती स्टेशनं कशी साठवावीत ह्यावर त्यात सहा पानं आहेत. हँडब्रेकवर एक वाक्य आहे: 'समायोजन अधिकृत केंद्रातच करावे.' मी पुस्तक परत ठेवलं.

तेवढ्यात शेजारचे पंपवाले काका आले. काकांनी चौतीस वर्षं पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात काढली. त्यामुळे जगात जे काही फिरतं त्याबद्दल त्यांचं मत तयार असतं.

"काय, केबल ढिली?" काकांनी लांबूनच निदान केलं.

"तसं वाटतंय."

"वाटतंय कसलं, आहेच. दांड्याखालचं कव्हर काढ. खाली दोन नट. एक केबल ओढतो, दुसरा त्याला जागेवर ठेवतो. आवळायचे. लहान मुलाचं काम आहे."

लहान मुलाचं काम करायला मला पाऊण तास लागला. कव्हर काढल्यावर आत काय काय मिळालं त्याची यादी देत नाही. फक्त एवढं सांगतो की बायकोचं हरवलेलं कानातलं सापडलं. नऊ वर्षांपूर्वी त्यावरून तिने माझ्या बहिणीवर संशय घेतला होता आणि बहीण वर्षभर आमच्याकडे आली नव्हती. मी ते खिशात टाकलं. योग्य वेळी काढायला हे हत्यार उत्तम होतं. योग्य वेळ अजून आलेली नाही.

दहाचा पाना लागत होता. माझ्याकडे आठचा आणि अकराचा होता. काका अकराच्या पान्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालून नट फिरवायला लागले. "कारखान्यात आम्ही असंच करायचो," ते म्हणाले. त्यांच्या कारखान्याच्या पंपाने आमच्या इमारतीला तीन उन्हाळे पाणी चढवलं नव्हतं, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

सहा फेरे आवळल्यावर चमत्कार झाला. दांडा ओढताना जिथे आधी अकरा वेळा खट खट व्हायचं, तिथे आता दोनदाच झालं आणि दांडा दगडासारखा घट्ट! आम्ही गाडीला मागून धक्का दिला. हलली नाही. खांदा लावला. हलली नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता ब्रेक सोडून ढकलून बघ," काका म्हणाले.

मी ब्रेक सोडला. गाडी तरीही हलली नाही.

"बघितलंस?" काका म्हणाले. "किती मजबूत काम झालंय!"

दोन सुशिक्षित माणसं उतारावर उभी आहेत, ब्रेक सोडलेली गाडी जागेवरून हलत नाही, आणि दोघंही एकमेकांचं अभिनंदन करताहेत. हे दृश्य आठवलं की मला अजून स्वतःचा राग येतो, आणि स्वतःचा राग ही गोष्ट मी सहसा करत नाही.

सोमवारी ऑफिसला निघालो. गाडी जड जड चालत होती. मला वाटलं, पेट्रोलमध्ये भेसळ. पेट्रोल विकणाऱ्यांना मी दोन चौक शिव्या घातल्या. मग जळका वास आला. पुढे एक ट्रक होता, त्याच्या ड्रायव्हरला मी आणखी एक चौक शिव्या घातल्या. ट्रक वळून गेला, वास तसाच राहिला. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची बाई काच वाजवून म्हणाली, "अहो, तुमच्या मागच्या चाकातून धूर येतोय."

मी उतरलो. मागची दोन्ही चाकं धुमसत होती. क्षणात आठ-दहा माणसं जमली. संकटात मदत करणाऱ्या माणसांपेक्षा मला आगीची भीती कमी वाटते. "पाणी टाका," एक म्हणाला. "नका टाकू," दुसरा म्हणाला. "माती टाका," तिसरा म्हणाला, तेही डांबरी चौकात. ज्याचा कुणाशी वाद नव्हता त्याने गुपचूप आपली बाटली माझ्या चाकावर रिकामी केली. फस्सकन वाफ उठली, आतून टणकन काहीतरी वाजलं आणि तो म्हणाला, "झालं! आता जा बिनधास्त." मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. तो मात्र फार दुखावला. "माझं प्यायचं पाणी होतं ते," एवढंच म्हणून निघून गेला, आणि जमलेले सगळे माझ्याकडे तिरस्काराने बघायला लागले.

गाडी दोरीने बांधून मेकॅनिककडे न्यावी लागली. त्याने चाक काढलं, आतला ड्रम काढला, ब्रेकचे पट्टे म्हणजे लायनर हातात घेतले. ते करपलेल्या पोळीसारखे झाले होते. मग त्याने तो प्रश्न विचारला जो मेकॅनिक, दातांचे डॉक्टर आणि न्हावी जन्मतः शिकून येतात.

"हे कुणी केलं?"

"शेजारी," मी म्हणालो.

"ब्रेक आधी चाकात बसवतात, साहेब. आत लायनर ड्रमला बेताने लागतील इतके जवळ आणायचे. ते झालं की मग दांड्याखालची केबल, तीही चाक मोकळं फिरेल एवढीच. तुमच्या शेजाऱ्यांनी चाकाला हातच लावला नाही. नुसतं दोरीला धरून ओढलं. गाडी आख्ख्या रस्त्याने ब्रेक लावून चाललीय."

"शेजाऱ्यांना सांगतो," मी म्हणालो.

त्याने दांडा हातात धरून डावी-उजवीकडे हलवला. दांडा वर-खाली व्हायला हवा, हा आडवाही होत होता, लुळ्यासारखा.

"ह्याला धरून उठतं का हो कुणी?"

"म्हणजे?"

"ब्रेक धरून ठेवणारे दात एका बाजूने झिजलेत. रोज कुणीतरी ह्याच्यावर आडवा जोर देतंय. सीटवरून उठताना वगैरे."

माझ्या डोळ्यांसमोर आई आली. शेजारच्या सीटवर बसलेली, एका हातात काठी, दुसरा हात दांड्यावर, 'हं' म्हणून एक दम घेणारी. आठवड्यातून दोनदा, जाता-येता, सहा वर्षं.

"हे ब्रेक गाडी धरायला असतात," मेकॅनिक म्हणाला. "माणसाला धरायला नाहीत. दात बदलावे लागतील. ह्या मॉडेलचे आता येत नाहीत, भंगारात बघतो. गुरुवारी या."

मंगळवारचा व्यायाम बुडाला. व्यायामाच्या बाईंनी फोनवर मला असं झापलं की ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्यानेही मान खाली घातली.

गुरुवारी गाडी मिळाली. दांडा आता सात वेळा खट करून थांबत होता, चाकं मोकळी फिरत होती, सगळं यथास्थित. राहिलं होतं फक्त आईला सांगणं.

"तुमची आई आहे," बायको म्हणाली. "तुम्हीच सांगा."

मी शब्द जुळवून जुळवून सांगितलं. दांडा नाजूक असतो, आपण उठताना दाराच्या वरचं हँडल धरावं, वगैरे. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे गाडी मी ढकलली."

"आई, मी असं कुठे म्हणालो?"

"सेक्रेटरीच्या गाडीवर मी गाडी घातली. माझ्या वजनाने लोखंडाचे दात झिजले."

"तसं नाही गं—"

"मेकॅनिकला माझं वजन कुणी सांगितलं?"

"कुणीही नाही!"

"मी तुझ्या गाडीत पाऊल ठेवणार नाही," आई म्हणाली, आणि शुक्रवारचा व्यायामही बुडाला. संध्याकाळी ती स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत आली ती भिंत धरून. मागच्या महिन्यात ती भिंतीला हात लावत नव्हती. बायकोने माझ्याकडे बघितलं. राग यायला समोर कुणीतरी लागतं, आणि तेव्हा समोर फक्त आईची पाठ होती.

त्याच शुक्रवारी सकाळी मी सक्षम अधिकाऱ्याच्या शोधात वाहन तपासणीच्या कार्यालयात गेलो होतो. तीन खिडक्या बदलल्यावर चौथ्या खिडकीत एक बाई भेटल्या. त्या अत्यंत नम्र होत्या. माणूस नम्र असला की त्याच्यावर ओरडता येत नाही, हा ह्या कार्यालयाचा खरा बंदोबस्त.

"हँडब्रेकचं वेगळं प्रमाणपत्र नसतं," त्या म्हणाल्या.

"मग अख्ख्या गाडीचं द्या."

त्यांनी नंबर टाकून बघितला. "तुमच्या गाडीचं गेल्या वर्षीच झालंय. ते अजून चार वर्षं चालेल. ते चालू असताना दुसरं देता येत नाही."

"पण मधे ब्रेक बिघडला होता. आता दुरुस्त झालाय. तेवढं लिहून द्या."

"आमच्याकडे तुमच्या हँडब्रेकसमोर 'उत्तम' लिहिलंय," त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "जो उत्तम आहे तो दुरुस्त कसा होईल?"

"अहो बाई, तो उत्तम नव्हता! गाडी दुसऱ्याच्या गाडीवर गेली!"

"मग तसा अर्ज द्या. गाडी सदोष आहे म्हणून. आम्ही जुनं प्रमाणपत्र रद्द करू. मग नव्याने तपासणीला आणा."

"बरं."

"फक्त, रद्द झाल्यावर गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही."

"मग तपासणीला आणू कशी?"

बाईंनी ह्या प्रश्नावर खरोखर विचार केला. मला त्यांचं कौतुक वाटलं. "लोक कसे तरी आणतात," त्या शेवटी म्हणाल्या.

मी जुन्याच प्रमाणपत्राची प्रत घेऊन सेक्रेटरीकडे गेलो. त्याने ती हातात न घेताच वाचली. "हे गाडी घसरण्याआधीचं आहे. ह्याने तुमचीच बाजू पडते. उत्तम ब्रेक असताना घसरली, म्हणजे हयगय तुमची. ठीक आहे, रविवारी प्रात्यक्षिकातच काय ते दिसेल. गिअर न टाकता, दहा मिनिटं, प्रवाशासह."

"प्रवाशासह कुठे लिहिलंय?"

"मोकळ्या गाडीचा ब्रेक कोणीही धरेल."

रविवारी दहा वाजता अख्खी इमारत उतारावर होती. पाणी आलं नाही तेव्हाच्या सभेलाही एवढी माणसं नव्हती. काही जण घरून खुर्च्या घेऊन आले होते. भाचा पाचव्या मजल्यावरून खाली येऊन जागा क्रमांक तीनची लांबी पावलांनी मोजत होता. ते बघून मी रात्रभर मनात जुळवलेलं भाषण पुन्हा एकदा घोकलं. त्यात 'अरेरावी' हा शब्द चारदा होता.

"प्रवासी कोण?" सेक्रेटरीने विचारलं.

"मी बसतो," पंपवाले काका पुढे झाले.

"बाहेरचा माणूस चालणार नाही. कुटुंबातला हवा."

बायको पुढे यायला निघाली तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आई. इस्त्रीची साडी, काठी, खांद्याला बाहेर जायची पर्स. सात पावलं तिने कुणाचाही हात न धरता टाकली आणि पुढच्या सीटवर बसली.

"आई, तू?"

"कुटुंबात मी येते ना?" ती म्हणाली. "दार लाव."

मी गिअर काढला, ब्रेक ओढला. सात खट. उतरलो. सेक्रेटरीने खडू घेऊन पुढच्या चाकाला अगदी चिकटून जमिनीवर रेघ मारली. फळ्यावर लिहायचा खडू नव्हता, भिंतीवर खुणा करायचा होता, अंगठ्याएवढा जाड. मग घड्याळ लावलं.

दहा मिनिटं हा फार मोठा वेळ आहे. कुणी म्हणालं, हल्ली बटणाचे ब्रेक आलेत. कुणी म्हणालं, बटणाचे तर आणखी वाईट. आई समोर बघत होती. गाडी तसूभरही हलली नाही. मी चाकावरून नजर काढली नव्हती. शपथेवर सांगतो, तसूभरही नाही.

दहा मिनिटं संपली. सेक्रेटरी वाकला.

"रेघ टायरखाली गेलीय."

"रेघ तुम्ही टायरखालीच काढलीत!" मी ओरडलो. "चिकटून! एवढ्या जाड खडूने! ही अरेरावी—"

"आवाज वाढवू नका. गाडी सरकलीय."

"नाही सरकली!"

"सरकली," कुणीतरी म्हणालं.

आवाज गाडीतून आला होता. आईने काच खाली केली. "सरकली. मी आत बसलेय, मला कळलं. बोटभर सरकली."

खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले. माझी आई! जिच्या गुडघ्यांसाठी मी चाकं जाळली, चौकात लोकांचा तिरस्कार सोसला, चार खिडक्या पालथ्या घातल्या!

"बघा," सेक्रेटरीचा चेहरा उजळला. "काकू खरं बोलल्या. जुनी माणसं."

"लिहून काढ," आई म्हणाली. "तोंडी नको."

सेक्रेटरीने बोनेटवर कागद ठेवून भराभर लिहिलं: हँडब्रेक नापास, जागा काढून घेण्यात येत आहे.

"तारीख घाल. सही कर. शिक्का आणलायस ना?"

शिक्का खिशातच होता. ठप्प.

"आता जागा यादीतल्या पुढच्या माणसाची," आई म्हणाली.

"नियमच आहे, काकू. माझा इलाज नाही."

"पुढचा कोण?"

"भाचा आहे आमचा. दोन वर्षं झाली अर्ज देऊन."

आईने पर्स उघडली. माझ्या आईने एकतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक सांभाळलं आहे. कुठलाही कागद तिच्या टेबलावरून शिक्का आणि पोच ह्यांच्याशिवाय पुढे गेला नाही. पर्समधून तिने चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि खिडकीतून बाहेर धरला.

"हा माझा अर्ज. मी इथे राहायला आले त्या आठवड्यातला. सहा वर्षं झाली. ही तुझी पोच. सही ओळखतोस ना?"

सेक्रेटरीने कागद बघितला. त्याने तो उलटून मागूनही बघितला. भाचा पावलं मोजायचा थांबला.

"पण काकू, तुमच्याकडे गाडी कुठे—"

"अर्जात गाडीचा रकाना नाही. मी तेव्हाच बघितलं होतं. 'रहिवासी' एवढंच आहे. मी रहिवासी आहे की नाही?"

सेक्रेटरी पुन्हा वाकला. या वेळी तो गुडघ्यांवर बसला, मग जवळजवळ जमिनीला गाल लावून त्याने चाकाखाली बघितलं.

"तसं नीट पाहिलं तर," तो खालूनच म्हणाला, "रेघ जरा जाड झालीय. गाडी सरकलेली नसावी."

"नाहीच सरकलेली!" मी म्हणालो. अकरा वर्षांत सेक्रेटरीचं आणि माझं प्रथमच एकमत झालं होतं.

"सरकली," आई म्हणाली. "सही झालीय."

"मी पण बघितलं," पंपवाले काका म्हणाले. "चांगली अर्धा इंच. केबल ढिलीच आहे अजून."

कागदाच्या तीन प्रती झाल्या. एक कमिटीच्या फाइलला, एक आईला आणि एक सूचनाफलकावर. फलकावरची आजही तिथे आहे. येणारे-जाणारे, पाहुणे, सामान पोचवणारे, सगळे ती वाचतात. माझ्या नावासमोर स्वच्छ अक्षरात 'हँडब्रेक नापास' लिहिलंय. त्याखाली 'जागा क्र. ३ श्रीमती' आणि आईचं नाव. भंगारातून दात आणून बसवलेला, नवे लायनर घातलेला, दहा मिनिटं पहाडासारखा उभा राहिलेला ब्रेक जगाच्या पाठीवर फक्त वाहन तपासणीच्या कार्यालयात उत्तम आहे.

मंगळवारी पाच वाजता आई खाली आली. मी पुढचं दार उघडून धरलं होतं. तिने ते लावलं आणि मागचं उघडलं.

"मागे बसतेस?"

"जागा माझी, गाडीत मागे मी. तू चालव."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो, म्हणजे जेवढ्यास तेवढं. आता ती मागे आणि आरशात फक्त तिचे डोळे दिसत असल्यामुळे मला बोलायला जमलं.

"आई, ब्रेक धरला होता."

"धरला होता रे. मला काय माहीत नाही? मी आत होते."

"मग सगळ्या इमारतीसमोर सरकली का म्हणालीस?"

"तुझ्या नावावर ती जागा असती तर त्याने दर वर्षी एक नोटीस काढली असती. आज ब्रेक, उद्या हॉर्न. तू दर वेळी पायजमा घालून खाली उतरला असतास. माझ्या गुडघ्यांना तो कसली नोटीस काढतोय? तू ब्रेक दुरुस्त करत होतास. मला जागा हवी होती."

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

"ते ठीक आहे. पण फलकावर माझी बदनामी झालीय. निदान 'नापास' तेवढं खोडायला सांग त्याला."

आई पर्सचा बंद लावत होती.

"अर्ज दे," ती म्हणाली. "आणि पोच घ्यायला विसरू नकोस."